हरसिंग आडेंचा मार्केटिंग डिप्लोमा

यवतमाळच्या एका कॉलेजात दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र होतं. लायब्ररीच्या मागे, सायकल स्टँडला लागून एक खोली, त्यात दोन कपाटं, एक टेबल आणि मी. बावीस वर्षं मी तिथे प्रवेशअर्ज तपासले. लोकांना वाटतं, अर्ज तपासणं म्हणजे शिक्का मारणं. खरं काम उलटं असतं. समोरच्याला शिकायचं असतं आणि तो का शिकू शकत नाही याची कारणं आपल्याला छापील पत्रकात शोधायची असतात.

आमच्याकडे पाच-सहा अभ्यासक्रम होते. त्यात सगळ्यात रुबाबदार होता मार्केटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा. त्याची पात्रता अशी: कोणत्याही शाखेची पदवी, आणि विक्रीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. पदवीची गुणपत्रिका, टीसी, अनुभवाचा दाखला, आणि शिक्षणात खंड पडला असेल तर कोर्टातून खंडाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आमच्या भाषेत गॅप सर्टिफिकेट. प्रवेश झाला की पार्सलनं पुस्तकं येत. रविवारी वर्ग. प्रत्येक विषयाला दोन स्वाध्याय घरी लिहून आणायचे, वर्षाअखेर परीक्षा, आणि शेवटी एक प्रकल्प. प्रकल्पासाठी पन्नास ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, तक्ते काढायचे, निष्कर्ष लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची.

कापसाची ती वाईट वर्षं होती. शेतीत राम राहिला नाही असं घरोघरी बोललं जायचं, आणि त्याच वेळी बियाणं, फवारणीची औषधं, मोटारसायकली विकणाऱ्या कंपन्यांच्या जीपा गावोगाव फिरायच्या. पिकवणाऱ्याच्या पोराला विकणारा व्हायचं होतं. म्हणून आमच्याकडे मार्केटिंगचा कोर्स आला. अट एकच, किमान वीस विद्यार्थी. एकोणीस आले. वर्ग सुरू झाला नसता तर केंद्र गुंडाळलं गेलं असतं आणि माझी नेमणूक, जी दर अकरा महिन्यांनी नव्यानं व्हायची, ती झाली नसती.

शेवटच्या दिवशी दुपारी हरसिंग आडे आले. वय पन्नाशीचं, पांढरं धोतर, खांद्यावर लाल दुपट्टा. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून एसटीनं आले होते. मला वाटलं पोराचा किंवा सुनेचा अर्ज असेल.

"मॅडम, मार्केटिंगचा फारम द्या."

"कोणासाठी?"

"मह्यासाठीच."

मी पात्रता सांगितली. त्यांनी पिशवीतून बी.ए.ची गुणपत्रिका काढली. पुसदला राहून, तृतीय श्रेणीत, चोवीस वर्षांपूर्वी. कागद इतका जपलेला की माझीच गुणपत्रिका मला आठवली आणि लाज वाटली.

"आणि विक्रीचा अनुभव?"

"चोवीस वर्सं. बैलाची दलाली करतो. घाटंजी, पांढरकवडा, उमरखेड, सारे बाजार."

"मग आता कोर्स कशाला?"

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "जोडी चांगली हाये, इकणारा मी हावो, भाव उतरवून मांगतो, तरी दोन वर्सं झाले, कोनी पाहाले बी येत नाई. काहून येत नाई, हे कुठं ना कुठं लिहलं असन ना? पेपरात तुमची जाहिरात वाचली. म्हटलं, हे लोकं शिकवून राह्यले, तर वाचून पाहू."

माझ्या डोळ्यांपुढे फक्त वीस हा आकडा होता. मी लगेच अर्ज दिला.

अडचण आली अनुभवाच्या दाखल्याची. तो कंपनीच्या लेटरहेडवर लागायचा. आडेंनी तिसऱ्या दिवशी लेटरहेड छापून आणलं: वर बैलाचं चित्र, खाली "आडे बैल खरेदी-विक्री". दाखल्यात लिहिलं होतं की श्री. हरसिंग आडे आमच्याकडे चोवीस वर्षं काम करतात, वर्तणूक चांगली आहे. खाली सही, हरसिंग आडे. आमचे समन्वयक देशकर सर कॉमर्सचे प्राध्यापक. विद्यापीठाच्या पत्राला ते जेवढे घाबरत तेवढे घरी कुणालाच घाबरत नसत. ते म्हणाले, "अहो, स्वतःच स्वतःला कसं देता येईल?" आडेंनी दाखला परत नेला आणि मालक म्हणून बायकोची सही घेऊन आले. "तशी बी मालकीन तेच हाये," म्हणाले.

विद्यापीठाकडून शेरा आला: उत्पादनाचा वर्ग नमूद करावा. अर्जात तीन चौकोन होते. ग्राहकोपयोगी वस्तू, औद्योगिक वस्तू, सेवा. बैल कशात बसतो? देशकर सर आणि मी एक अख्खी दुपार यावर घालवली. सरांचं म्हणणं, बैलापासून पुढचं उत्पादन होतं, म्हणून तो औद्योगिक. मी म्हटलं, शेणखत देतो, नांगरट करतो, म्हणजे सेवा. शेवटी आडेंनाच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, तो घरचा मानूस असते. तसा चौकोन नाई का?" आम्ही औद्योगिकवर खूण केली.

मग गॅप सर्टिफिकेट. कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट सगळ्यांना एकच छापील मजकूर देतो, की अमुक सालापासून आजपर्यंत मी घरीच होतो, कुठेही नोकरी अथवा व्यवसाय केला नाही. आडेंनी त्यावर सही केली. म्हणजे त्यांच्या अर्जाला दोन कागद जोडलेले होते. एकात ते चोवीस वर्षं बैल विकत होते, दुसऱ्यात चोवीस वर्षं घरी बसून होते. दोन्ही सक्तीचे. दोन्हीवर गोल शिक्का. विद्यापीठानं दोन्ही मान्य केले.

वर्ग सुरू झाला. बाकीचे एकोणीस जण विशी-पंचविशीतले, बियाणांच्या दुकानात किंवा मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला. आडे पहिल्या बाकावर बसायचे. पुस्तकातली उदाहरणं टूथपेस्ट, चॉकलेट आणि लिफ्टची. एका स्वाध्यायात प्रश्न होता, उत्पादनाचं जीवनचक्र सोदाहरण स्पष्ट करा. आडेंनी लिहिलं: अदंत, म्हणजे दुधाच्या दातांचा, ही ओळख. दोन दाती आणि चार दाती, ही वाढ. सहा दाती ही भरभराट. जुळला, म्हणजे सगळे दात सारखे झाले, की उतार सुरू. पुढे लिहिलं होतं की उतारातला माल टाकून द्यावा असं पुस्तक सांगतं, पण आमच्याकडे त्याला गोठ्यातच ठेवतात, त्याचं कारण पुस्तकात सापडलं नाही. देशकर सरांनी दहापैकी तीन गुण दिले. शेरा: उदाहरण पाठ्यपुस्तकातले हवे होते.

आडेंनी तक्रार केली नाही. मला फक्त विचारलं, "सरांनी कधी लिफ्ट इकत घेतली का?"

दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला आणि तिथून सगळा घोळ झाला. प्रत्येकाला पन्नास ग्रामीण ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घ्यायच्या होत्या. पोरांना नोकरीतून सवड नव्हती, आणि सुटीच्या दिवशी गावात गेलं तर लोक जीपवाले समजून आत निघून जायचे. एका रविवारी मी पाहिलं तर सायकल स्टँडजवळ आडे दगडावर बसलेले आणि समोर पोरांची रांग. प्रत्येकाच्या हातात कोऱ्या प्रश्नावलींचा गठ्ठा.

"आता लिहा," आडे टूथपेस्टवर प्रकल्प करणाऱ्या पोराला सांगत होते, "सखाराम, वय साठ, गाव पारवा. हा तंबाखू खाते. राखुंडीनं घासते. पेष्ट कोनती आवडते? नातवाची चाटून पाहिली, गोड लागली म्हनते."

"काका, ब्रँड कोणता?"

"तो डब्बीचा रंग सांगन, नाव नाई सांगनार. लिहा, लाल."

दुसऱ्या पोराचा प्रकल्प पंपाचा. त्यालाही सखाराम हवा होता. आडेंनी हात वर केला. "आज नाई. आज सखाराम जवाब नाई देत. बायकोशी भांडन झालं त्याचं. पुढच्या रविवारी ये."

मी पुढे होऊन म्हटलं, "आडेजी, हे काय चाललंय? एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देतो?"

"मी कायले देतो मॅडम? ज्याचे त्याचे जवाब हायेत. मी फकत घेऊन आलो. ह्या साऱ्यांच्या घरी मी जेवलो. इचारा कोनाचं बी."

मला तेव्हा थांबवायला हवं होतं. ही माझी चूक, आणि मी ती अजूनही मान्य करते. पण पोरांची मुदत संपत आली होती आणि मी मनाशी म्हटलं की कागद तर पूर्ण आहेत. कागद पूर्ण असले की माझं काम संपतं, ही सवय मला लागली होती.

तोंडी परीक्षेला नागपूरहून डॉ. सबनीस आले. गोरे, चष्मेवाले, इस्त्रीच्या शर्टात, अतिशय सभ्य. सकाळी त्यांनी पोरांचे एकोणीस अहवाल चाळले आणि देशकर सरांना आत बोलावलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा सरांच्या कपाळावर घाम होता.

"मी पंधरा वर्षं असे अहवाल तपासतोय," सबनीस म्हणत होते. "प्रत्येक वेळी विद्यार्थी घरी बसून आकडे भरतात आणि ते लगेच कळतं, कारण खोट्या माहितीत सगळं सरळ असतं. इथे मात्र हा सखाराम टूथपेस्टच्या अहवालात राखुंडीनं दात घासतो, आणि पंपाच्या अहवालात म्हणतो की पंप घेतला असता पण बायको बोलत नाही. मोटारसायकलच्या अहवालात तो मागे बसायला तयार आहे, पुढे नाही. एवढी खरी माहिती मी आजवर पाहिली नाही. म्हणूनच मला शंका येते."

देशकर सर अहवालांचा गठ्ठा नीट रचत राहिले. खरं सांगितलं असतं तर सगळी तुकडी बाद झाली असती, आणि केंद्रही. तेवढ्यात दारात उभे असलेले आडे म्हणाले, "साहेब, आज घाटंजीचा बाजार हाये. सखाराम तिथंच असन. चाला, इचारून घ्या."

कॉलेजची जीप निघाली. सबनीस पुढे, मांडीवर प्रश्नावलींचा गठ्ठा. मागे देशकर सर, आडे आणि मी.

बैलबाजार मी तोपर्यंत बाहेरूनच पाहिला होता. त्या दिवशी आत गेले आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. जोड्याच जोड्या, ओळीनं बांधलेल्या, आणि त्यांच्याजवळ उकिडवी बसलेली माणसं. फिरणारं कुणीच नाही. सगळे विकायला आलेले होते.

सबनीसांनी गठ्ठ्यातून नावं वाचायला सुरुवात केली. सखाराम खरंच सापडला. राखुंडी? होय. डबीचा रंग? लाल. पंप? "घेऊन टाकू," सखाराम म्हणाला. सबनीस विजयी मुद्रेनं वळले. "इथे तर नाही म्हटलंय!" सखारामनं खुलासा केला, "आता बोलाले लागली ना ते." पुढचे दोघेही सापडले, आणि दोघांची उत्तरं कागदावरच्या उत्तरांशी शब्दशः जुळली. सबनीसांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या चेहऱ्यावरची शंका गेली आणि तिच्या जागी उत्साह आला. प्राध्यापकाला उत्साह आला की तो प्रात्यक्षिक मागतो.

"इथे भाव कसा ठरतो? म्हणजे नेमकी पद्धत काय?"

"दुपट्ट्याखाली," आडे म्हणाले. "मोठ्यानं बोलाचं नाई. गिऱ्हाइकानं दलालाचे बोटं दाबाचे. जितके बोटं, तितका भाव. दलाल मग तसेच इकणाऱ्याचे दाबते. बाकीच्याले कळत नाई."

"दाखवा ना."

शेजारीच एक म्हातारी बसली होती, यशोदाबाई. मुलगा पांढरकवड्याला ट्रकवर लागला होता, वावर बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं होतं, आणि जोडी सांभाळणं तिच्यानं होत नव्हतं. सहा आठवडे ती दर बाजाराला जोडी घेऊन येत होती. आडेंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून सबनीसांच्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. सबनीस हसत होते. दोन बोटं दाबली, मग तीन, मग "आणि आता मी वाढवतो असं समजा" म्हणत चौथं. आडेंनी दुसरा हात यशोदाबाईच्या पदराखाली नेला. म्हातारीनं डोळे मिटले, मग मान हलवली.

"तुटला!" आडे मोठ्यानं ओरडले. म्हणजे सौदा ठरला.

बाजारात एकदम जीव आला. शे-दीडशे माणसं गोळा झाली. कित्येक आठवड्यांनी सौदा तुटला होता. कुणी सबनीसांच्या पाठीवर थाप मारली, कुणी कपाळाला गुलाल लावला, कुणीतरी कासरा त्यांच्या हातात दिला.

"अहो, मी फक्त पद्धत समजून घेत होतो!" सबनीस माझ्याकडे पाहून म्हणाले. मी देशकर सरांकडे पाहिलं. सर बैलांकडे पाहत होते.

सबनीस कासरा परत द्यायला वळले, तोच यशोदाबाई उठून त्यांच्यापाशी आली. "बाप्पा," ती म्हणाली, "डाव्या अंगाच्याले पानी पयले पाजजो. तो लहान हाये, रुसते." आणि तिनं दोन्ही बैलांच्या कपाळावर हात ठेवला, मग स्वतःच्या डोळ्यांना लावला.

सबनीसांनी कासरा डाव्या हातात घेतला. खिशातून पाकीट काढलं, होतं तेवढं बयाणा म्हणून दिलं आणि उरलेलं मनीऑर्डरनं पाठवीन म्हणाले. पाठवलंही.

पावतीच्या टेबलावर कारकुनानं विचारलं, खरेदीचं कारण? छापील पर्याय एकच होता, शेतीकाम. सबनीस म्हणाले, "शैक्षणिक." कारकुनानं तसं लिहिलं. मी ती पावती स्वतः पाहिली आहे.

परतीच्या जीपमध्ये मी आडेंना हळूच विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

"मॅडम, गिऱ्हाईक दुकानापावतर आनाचं, तेवढं पुस्तकात हाये. पुढं बोटं त्यायचे हायेत. मी थोडीच दाबले?"

संध्याकाळी कॉलेजात तोंडी परीक्षा झाली. सबनीसांच्या कपाळावर गुलाल तसाच होता. एकोणीस जण भराभर उत्तीर्ण झाले. शेवटी आडे. त्यांच्या प्रकल्पाचा विषय होता बैलबाजारातली मागणी घटण्याची कारणं. ऐंशी पानं, सुवाच्य अक्षर. एकेका बाजारात कोण, कुठून, कितव्यांदा जोडी घेऊन आला याची नोंद. शेवटच्या पानावर मथळा होता "निष्कर्ष" आणि खाली काहीच नव्हतं.

"हे कोरं का?" सबनीसांनी विचारलं.

"सापडला नाई, सर. दोन वर्सं तुमचे सारे पुस्तकं वाचले. त्याच्यात एक गिऱ्हाईक असते आन् धा इकणारे असते, आन् त्याले आपल्याकडं कसं आनाचं ते लिहलं हाये. साराच बाजार इकाले आला तर काय कराचं, ते पान नाई."

"दोन ओळी लिहा. काहीही. मी गुण देतो."

"काई बी कसं लिहू? लोकायचे जवाब खरे आनले न मी."

सबनीसांनी ते कोरं पान उलटून मागची बाजूही पाहिली. नियम असा की निष्कर्षाविना प्रकल्प ग्राह्य नाही. त्यांनी "अपूर्ण, पुन्हा सादर करावा" असं लिहिलं. सही करताना त्यांचा हात थांबल्याचं मला दिसलं, पण त्यांनी सही केली.

बैल आडेंनीच तांड्यावर नेले. सबनीसांसाठी ते विकून द्यायचे असं ठरलं होतं. आठ महिने नागपूरहून केंद्राच्या पत्त्यावर पत्रं येत राहिली. आधी सबनीसांनी पेपरात छोटी जाहिरात दिली. मग सुचवलं की जोडीला नाव द्यावं, म्हणजे ओळख तयार होते. मग लक्ष्यगटाविषयी चार पानी टिपण पाठवलं. ते सगळं मी आडेंना द्यायची आणि ते मन लावून वाचायचे. एकही गिऱ्हाईक आलं नाही. शेवटच्या पत्रात एकच ओळ होती: विकण्याची घाई नाही, चाऱ्याचं काय लागेल ते कळवावे. पुढे दर पोळ्याला ते पत्नीला घेऊन तांड्यावर यायला लागले. प्राध्यापिका असलेल्या त्या बाईंनी शिंगं रंगवायला शिकून घेतलं, असं ऐकलं.

आमचे एकोणीस डिप्लोमाधारक कामाला लागले. दोघं तर मोठ्या शहरात विक्री व्यवस्थापक झाले. मला मिठाई आणून द्यायचे. आडेंना मी तीन स्मरणपत्रं पाठवली. प्रकल्प पुन्हा सादर करायची मुदत दोन वर्षांची होती. एकदा तर मीच एक पान टाइप करून ठेवलं, मागणीतील बदलास अनेक घटक कारणीभूत आहेत वगैरे. फक्त सही हवी होती.

मुदत संपायच्या आठवड्यात ते खिडकीपाशी आले. मी ते पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी न पाडता परत दिलं.

"चांगलं लिहलं, मॅडम. पन हे कोनाचं बी चालन."

"मग काय करायचं ठरवलंत?"

"मी एक इचाराले आलतो. तुमच्याकडं घेनाऱ्याचा कोर्स हाये का? इकनाऱ्याचे तर सारेच शिकवून राह्यले."

मी माहितीपुस्तिका काढली. इतक्या वर्षांत ती मला पाठ झाली होती, तरीही पहिल्या पानापासून बघत गेले. ते उभे होते. मागे प्रवेशाची रांग होती, त्यातल्या कुणीतरी घाई केली, तरी मी शेवटच्या पानापर्यंत गेले.

"नाही, आडेजी. नाहीये."

"बरं," ते म्हणाले. "निंघाला तर कळवा." आणि मागच्या पोराला खिडकी मोकळी करून देत बाजूला झाले.